मुरमाड रानावरचा गाळ

माझ्या थोरल्या भावाची मोसंबीची बाग मी मारली. घरात असं कुणी म्हणत नाही. वहिनी म्हणत नाही, दादा तर नाहीच नाही. म्हणून मीच म्हणते. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, मातीवर बोलून पोट भरते, आणि सख्ख्या भावाच्या मातीशी अशी वागले.

आमचं रान फुलंब्रीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. वीतभर माती आणि खाली मुरूम. पाऊस उघडून तासभर झाला की खुशाल चपला घालून फिरावं, चिखल लागायचा नाही. खालच्या शिवारातली काळी जमीन बघितली की लहानपणापासून माझा जीव जळायचा. त्यांचा कापूस कमरेएवढा, आमचा गुडघ्याशी. देवानं आपल्याला उरलीसुरली माती दिली, असं मी म्हणायचे आणि दादा नुसता हसायचा. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. त्यानं शाळा सोडली, पण मला सोडू दिली नाही. कृषी महाविद्यालयात मला पोचवायला आला तेव्हा पायाला माती आहे म्हणून फाटकाच्या आत येईना. मी तिथंही चिडले. लोक बघतायत ना, चल की आत!

त्या मुरमाड रानात त्यानं मोसंबी लावली. मोसंबीला असंच रान मानवतं, पाणी पिऊन लगेच सोडणारं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी विहीर आटली आणि गावातल्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. दादा-वहिनीनं मात्र टँकरचं पाणी हंड्यानं एकेका झाडाला घातलं. हंडा टेकवून टेकवून वहिनीच्या कमरेला काळा वण पडला होता, तो मी डोळ्यानं पाहिलाय. बाग जगली. दरवर्षी दादा गोणी भरून मोसंबी माझ्या शहरातल्या घरी आणायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वतः नेऊन द्यायचा. पोरीच्या लग्नाचे लाडू वाटावेत तसा थाट असायचा त्याचा.

मग एका उन्हाळ्यात गावचा तलाव कोरडा पडला आणि गाळ काढायचं काम निघालं. ज्याला पाहिजे त्यानं न्यावा. सगळं गाव ट्रॉल्या घेऊन तुटून पडलं. रविवारी मी गेले तर हा आपला बांधावर निवांत बसलेला. माझं डोकंच फिरलं.

"दादा, सगळे गाळ नेतायत. तू का नाही आणत?"

"पडीक तुकड्यात टाकू की दोन-चार ट्रॉल्या. बागेत नको."

"का नको?"

"बागेचं बरं चाललंय, बाई."

बरं चाललंय! या दोन शब्दांचा मला भयंकर राग. मी वहिनीकडून लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. एकीत बागेतली माती, दुसरीत गाळ, वर पाणी. खळखळून हलवल्या आणि ओट्यावर ठेवल्या. बागेच्या बरणीत खडे-वाळू तिथल्या तिथं तळाला बसली, चहा होईपर्यंत वरचं पाणी बरंचसं निवळलं. गाळाची बरणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच गढूळ होती. बारीक चिकणमाती पाण्यात लोंबकळत राहते, खाली बसायचं नाव घेत नाही.

"बघ," मी म्हणाले, "याला म्हणतात ताकद. ही माती पाणी धरते, खत धरते. तुझ्या मुरमाच्या हाती काही राहतं का? सगळं गळून जातं."

दादा बराच वेळ त्या गढूळ बरणीकडं बघत राहिला. "म्हंजी ह्यातनं पाणी लवकर हलत नाय," एवढंच बोलला.

मी जे चार वर्षं शिकले ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. मी ऐकलंच नाही. ताडकन म्हणाले, "शाळा तू शिकलास का मी?"

वहिनी चुलीपाशी होती. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. दादा उठला, टोपी झटकली. "व्हय, तेबी खरंय. टाकू मग बागेत."

पुढच्या चार दिवसांत बागेत वीतभर जाडीचा गाळ पडला. मी रजा घेऊन उभी होते, डोक्यावर ओढणी घेऊन, मजुरांना हात करत. इकडं अजून टाका, तिकडं उघडं राहिलंय. मोसंबीच्या बुंध्याला खाली कलमाचा जोड असतो, तो कायम मातीच्या वर राहावा लागतो, नाहीतर बुंधा कुजतो. तो गाळात पार बुडाला. एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही, कारण काळंभोर रान बघून मी हुरळून गेले होते. दादाला दिसली असणारच. तो काही बोलला नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. चांगला कसला, श्रावणात उघडायचंच नाव घेईना. मी फोन केला की दादा म्हणायचा, "झ्याक हाय बाग." शेवटी वहिनीनंच परस्पर फोन केला. "ताई, झाडं पिवळी पडलीत वो. तुमाला सांगू नको म्हणलेत. तुमी जिवाला लावून घ्याल म्हणून."

रविवारी गेले. झाडाझाडाच्या आळ्यात पाणी साचलेलं, वर हिरवट तवंग. दादानं टिकाव घेतला आणि एका झाडाशेजारी खड्डा घेतला. वरचा गाळ मळलेल्या कणकेसारखा लिबलिबीत, त्याला गटाराचा वास. त्याच्याखाली आमची जुनी वीतभर माती, मग मुरूम लागला. मुरमातली मूठ दादानं माझ्या पुढ्यात धरली. कोरडी होती. एवढा पाऊस पडून खाली कोरडं!

याचं कारण मला पाठ आहे. बारीक कणांचा थर पाण्यानं पुरता गच्च भरेस्तोवर खालच्या भरड थराला पाणी सोडत नाही. परीक्षेत मी आकृती काढून हे लिहिलंय, पैकीच्या पैकी गुण घेतलेत. आणि गाळाला घडण म्हणून नसतेच. वर्षानुवर्षं पाण्याखाली दडपून राहिलेली माती ती, ना तिच्यात गांडुळांची भोकं, ना हवेला वाट. दादानं दरसाल शेणखत आणि पाला घालून त्या मुरमाड मातीची जी भुसभुशीत घडण केली होती, ती मी चार दिवसांत बुजवून टाकली होती. त्यानं गाळालगतचं एक मूळ चिमटीत धरलं तर कुजलेली साल बाहीसारखी निघून हातात आली. मला तिथंच रडू फुटलं.

मग आम्ही तिघांनी हातानं बुंधे मोकळे केले, फावड्यानं गाळ ओढला, चर काढले. आठवडाभर मी तिथंच राहिले. उशीर झाला होता. पाऊस उघडल्यावर उरलेला गाळ वाळून दगड झाला, त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि ज्या काही बारीक मुळ्या जगल्या होत्या त्या भेगांनी तोडल्या. दिवाळीपर्यंत झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली, बुंध्यातून डिंक गळायला लागला. दुष्काळात तहानेनं मेली नाहीत ती झाडं, पाण्यात मेली.

"दादा, मला शिव्या दे," मी म्हणाले. "एक कानाखाली मार, पण गप्प नको बसू रे!"

"तुला कशापायी? पाऊसच लई झाला औंदा."

पाऊस शेजारच्या बागेतही तेवढाच पडला होता. गाळ न टाकलेली ती बाग बांधापलीकडं हिरवीगार उभी होती. आम्ही दोघंही तिकडं बघत नव्हतो. माझ्यासाठी माझ्या तोंडावर पहिल्यांदा खोटं बोलला असेल तो, आणि तेही धड जमलं नाही त्याला.

संक्रांतीच्या आधी झाडं तोडली. मी मुद्दाम गेले, म्हटलं निदान समोर उभी राहीन. वहिनीनं त्याच लाकडावर चहा केला. मोसंबीचं लाकूड जळताना फळाच्या सालीचा बारीक वास सुटतो. मी पेला हातात धरून बसले. वहिनी म्हणाली, "घ्या ना ताई, निवतोय." तिच्या आवाजात राग शोधला मी. असता तर फार बरं वाटलं असतं.

या जूनमध्ये मी प्रयोगशाळेत होते. सकाळची वेळ, टेबलावर नमुन्यांच्या पिशव्यांचा ढीग, खाली रस्त्यावर सिटी बसचा कर्कश हॉर्न. दादाचा फोन आला. रानातून बोलत होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"दोन पाऊस झालेत. मका टाकायचा म्हणतो बागेच्या रानात. पेरू का आज?"

मला वाटलं मस्करी करतोय. चाळीस वर्षं ज्यानं रानात पाय ठेवून पेरणीचा दिवस ठरवला, गावातली अर्धी माणसं ज्याला विचारून तिफण जुंपायची, तो मला विचारत होता.

"दादा, मी इथं शहरात बसलेय. मला काय दिसतंय? तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय कळतंय त्यातलं. तू सांग. तुमच्या मशीनवर बघ पायजे तर."

"मशीनवर असलं नाही कळत रे. तू उभा आहेस ना रानात? तू बघून सांग!" मी ओरडलेच. शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या.

ट्रॅक्टरवाला मागून घाई करत होता. फोन कानाला लावून दादा तसाच थांबून राहिला, मी काही सांगेन म्हणून.

"पेर," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. का म्हणून त्यानं विचारलंसुद्धा नाही.