कच्च्या वाटेसाठी घेतलेली गाडी

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून माणसाची खरी ओळख सुरू होते, असं माझं एके काळी ठाम मत होतं. हे मत मी पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात, ट्यूबलाइटखाली, गोळ्यांच्या खोक्यांमध्ये उभं राहून बनवलं. मी तिथे फार्मासिस्ट आहे. सगळ्यात जवळची कच्ची वाट तिथून पाऊण तासावर आहे, आणि माझ्या मताला तेव्हा एकाच सहलीचा आधार होता.

ती सहल घडवली आमच्या मेंटेनन्सच्या माणसाने. दिवे, नळ, अडकलेली दारं, औषधांचा फ्रिज, सगळं तोच बघतो. साठीला आलेला, दाढीवाला; इकडे हिवाळा जुलैत येतो, त्या थंडीतही हाफ पँटमध्ये. चौदा वर्षांत आमचं बोलणं ‘कसा आहेस?’ ‘बरा. तू?’ ‘बरा.’ याच्यापुढे गेलं नव्हतं, आणि इथे एवढं बोलणं म्हणजे घरोबाच समजतात. एकदा फ्रिजचा मागचा पत्रा काढता काढता तो म्हणाला, “शनिवारी हरणाला जातोय आम्ही. गाडीत एक जागा आहे. येतोस?”

मी हो म्हणालो. हातात स्क्रू धरून उभा होतो, त्यामुळे आढेवेढे घ्यायचं सुचलं नाही.

तो, त्याचे दोन शाळासोबती आणि मी. त्यांची एक जुनी छोटी जपानी फोर व्हील ड्राइव्ह होती, तीन दारांची, काचा हाताने फिरवून खाली करायच्या. नदीच्या पात्रातून, जंगलातल्या अरुंद वाटेवरून ती पत्र्याच्या खोपटापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक हरीण मारलं. मी बंदुकीला हात लावला नाही. पण हरीण सोलून झाल्यावर त्याने एक अख्खी मांडी माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, “ही तुझी.” म्हणजे वाहून न्यायची. दोन तास मी ती वाहिली. आठवडाभर खांदा काळानिळा होता.

मला या देशाचं नागरिकत्व मिळालं तेव्हा टाउन हॉलमध्ये समारंभ झाला होता. महापौर गळ्यात सोन्याची साखळी आणि अंगावर झगा घालून आले होते. भाषण झालं, राष्ट्रगीत झालं, आणि प्रत्येक नव्या नागरिकाला इथल्या मातीतलं एक रोपटं देण्यात आलं. माझं दुसऱ्या हिवाळ्यात मेलं. त्या समारंभापेक्षा मला त्या रक्ताळलेल्या मांडीचं वजन जास्त खरं वाटलं. आपण कुणाच्या तरी मोजणीत आहोत असं पहिल्यांदा वाटलं. पुन्हा जायचंच, असं मी ठरवून टाकलं. बंदुकीच्या परवान्यासाठी अर्जही केला. चौकशीला घरी आलेल्या पोलीसबाईने बायकोला विचारलं, “यांच्या हातात बंदूक असलेली तुम्हाला चालेल?” बायको म्हणाली, “त्यांना झुरळ मारता येत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.” परवाना मिळाला.

आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांची गाडी तपासणीत नापास झाली. चेसी गंजून खलास. टीरूममध्ये तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला, “संपलं. आमच्या मोठ्या गाड्या त्या वाटेवर वळत नाहीत. दुसरी छोटी मिळाली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी रोअर नाही.” रोअर म्हणजे एप्रिलचे ते काही आठवडे, नर हरणं डोंगरात डरकाळ्या फोडतात तेव्हाचे. वर्षभर ही माणसं त्यासाठीच नोकरी करतात.

“मी बघतो,” मी म्हणालो.

आम्ही लोक कुठलीही गोष्ट करण्याआधी तिचा अभ्यास करतो. त्यामुळे पुष्कळदा ती करावी लागत नाही. मी दोन महिने वाचलं. गाडी हलकी हवी, म्हणजे रुतणार नाही. आखूड हवी, म्हणजे अरुंद वाटेवर वळेल. खाली लोखंडी चेसी हवी, चढासाठी वेगळा हळू गियर हवा, आणि कॉम्प्युटर अजिबात नको, कारण डोंगरात तो दुरुस्त करायला कोणी येत नाही. या सगळ्या गुणांच्या गाड्या जुन्याच मिळतात. नव्या गाड्यांत कप ठेवायच्या जागा वाढत गेल्या आणि बाकीचं कमी होत गेलं. आमच्या मराठी मंडळात जवळजवळ प्रत्येकाकडे पांढरी, अवाढव्य फोर व्हील ड्राइव्ह आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या कार्यक्रमाला, त्या हॉलबाहेरच्या गवतावर चढतात.

“ॲव्हरेज किती देते?” बायकोने विचारलं.

“कमी.”

“एसी?”

“नाही.”

“मग घ्यायची कशाला?”

“चिखलात रुतत नाही.”

“आपल्याकडे चिखल आहे कुठे? आधी तो आण.”

मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, “बाबा, यू डोन्ट इव्हन लाइक कॅम्पिंग.” तिला मराठी सगळं कळतं. उत्तरं मात्र ती इंग्रजीत देते.

पहिली गाडी पाहिली फ्लॅट बुशला. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला ऑकलंडला गेलो होतो, तेव्हा साधून घेतलं. मालक आपलाच निघाला, पुण्याचा, दातांचा डॉक्टर. घर इतकं मोठं की दोघं नवराबायको एकमेकांना फोन करून शोधत होते. गाडीच्या मागच्या सीटवर अजून शोरूमचं प्लास्टिक होतं.

“एकदम जपून वापरलीय हो,” तो म्हणाला. “चिखल कसा तो माहीत नाही तिला.”

मी फोर व्हील ड्राइव्हचा दांडा ओढून पाहिला. तो हलेना.

“ते कधी लागलंच नाही,” तो कौतुकाने म्हणाला. “तुम्ही कुठे नेणार?”

“हरणं मारायला.”

त्याने विषय बदलला आणि जेवूनच जा म्हणाला. त्याच्या बायकोने घड्याळाकडे पाहिलं. मी नको म्हणालो. छे छे, असं कसं, जेवूनच जा. नको हो, खरंच. मग निदान दोन घास. तो तीनदा म्हणाला, मी तीनदा नको म्हणालो, आणि दोघंही समाधानाने सुटलो. तिथून निघताना या देवघेवीचा मला जरासुद्धा विचार करावासा वाटला नाही. श्वास घेताना कोण विचार करतं?

दुसरी त्याच दिवशी, ऑकलंडातच, हिल्सबरोला. लाल, चकचकीत, गोड बोलणारा मालक. मी मेंटेनन्सच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “वरचं बघू नकोस. खाली शीर आणि किल्लीने टोच.” मी वास्तुशांतीच्या कपड्यांत गाडीखाली शिरलो. सगळीकडे ताजा काळा रंग दिलेला. टोचलं, तर किल्ली कड्यापर्यंत आत गेली. त्या गाडीने आयुष्यभर होडी खाऱ्या पाण्यात सोडायचं काम केलं होतं.

“वरवरचा गंज आहे,” मालक म्हणाला.

मी किल्ली बाहेर काढली आणि आभार मानले. आभार का मानले, माहीत नाही.

तिसरी मिळाली घरापासून तासाभरावर, रुआहिने डोंगराच्या पायथ्याशी, मेंढ्यांच्या फार्मवर. मालकीण पंच्याहत्तरीची. तिच्या नव्या बसवलेल्या गुडघ्याला क्लच मानवत नव्हता, म्हणून विकत होती. मी काही विचारायच्या आधीच तिने गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. हीटर चालतो, पण बंद होत नाही. डावं दार आतून उघडत नाही. पाऊस आला तर उजव्या पायावर येतो. “चालू होईल,” शेवटी ती म्हणाली. “खुशीने होईल असं नाही.” मी खाली शिरलो, सगळीकडे किल्लीने टोचलं. शेण होतं, त्याच्याखाली लोखंड होतं. इतकं खरं बोलणारं कुणी मला या देशात क्वचित भेटलं होतं. मी तिथेच हो म्हणालो.

बायकोने कुरकुरत का होईना, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. सोमवारी गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये नेली. मेंटेनन्सवाला वीस मिनिटं तिच्याखाली पडून होता. बाहेर येऊन त्याने बॉनेटवरचा लाल डाग पाहिला. “हरीण मिळालंसुद्धा वाटतं?” तो म्हणाला. मग गाडीच्या पाठीवर थाप मारली. “गुड ट्रक.” थाप गाडीच्या पाठीवर होती, माझ्या नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रोअरचा शनिवार ठरला. मी बूट घेतले, लोकरीचे मोजे घेतले. गुरुवारी माझी सहकारी आजारी पडली आणि शनिवार-रविवारची ड्यूटी माझ्यावर आली. मी वर्कशॉपमध्ये जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, “अरेरे.” आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे आपल्याकडे कुणाच्याही तोंडून निघेल: “पण तुम्ही गाडी घेऊन जा ना.”

आता तो म्हणणार होता, छे, तुझ्याशिवाय कसं जायचं? मी म्हणणार होतो, अहो, घेऊन जा, खरंच. मग तो म्हणणार होता, राहू दे, पुढच्या शनिवारी जाऊ, हरणं काय पळून जातायत? रोअर आणखी दोन आठवडे होताच.

तो म्हणाला, “स्वीट ॲज.” म्हणजे झकास. “किल्ली?”

मी किल्ली दिली. वर टाकी भरून दिली, कारण रिकामी कशी द्यायची?

सोमवारी किल्ली परत आली आणि तिच्यासोबत ब्रेडच्या पिशवीत किलोभर मांस. ड्रायव्हरची सीट पार मागे गेली होती, आरसा त्याच्या उंचीला लावलेला. मागे वाळलेलं रक्त आणि केस. आणि थर्मासचे चार कप.

“चौथा कोण होता?” मी विचारलं.

“मेव्हण्याचा दोस्त. भला माणूस. जागा होतीच ना.”

जूनमध्ये तो फार्मसीच्या खिडकीशी आला. “ट्रक मोकळा आहे का वीकेंडला?” मीही मोकळा होतो. वाक्याचा पुढचा भाग येईल म्हणून मी थांबलो. तो भाग काही आला नाही. “आहे,” मी म्हणालो.

“सांग ना त्याला, मला यायचंय म्हणून!” बायको म्हणाली. “तोंड दिलंय ना देवाने?”

“असं कसं सांगायचं? त्याला कळायला नको?”

“त्याला कसं कळणार? तो काय तुझी सासू आहे?”

दुसऱ्या दिवशी गोळ्या मोजता मोजता मी वाक्य तयार केलं. वर्कशॉपमध्ये गेलो. तो करवतीला तेल घालत होता. मी म्हणालो, “या शनिवारी मला पण सुट्टी आहे.”

“गुड ऑन यू,” तो म्हणाला. “मस्त आराम कर.”

मी दारापर्यंत जाऊन वळलो. मग म्हणालो, “क्लच जरा जपून.”

ऑगस्टमध्ये त्याने गाडी तिसऱ्यांदा नेली. ती परत करायला तो थेट घरी आला. बायकोने दार उघडलं आणि मी चप्पल शोधेपर्यंत तिने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. याला तुमच्याबरोबर यायचं असतं. गाडी त्याचसाठी घेतलीय. बूट कपाटात पडलेत.

तो खरोखर ओशाळला. दाढीत बोटं घालून माझ्याकडे पाहत राहिला. “कधी बोलला नाहीस, मेट. आम्हाला वाटलं, तुला गाड्यांचाच नाद आहे.” आणि मग म्हणाला, “पुढच्या खेपेला चल. चार जणांत एक तू.”

त्या एका वाक्यासाठी मी दोन महिने वाचलं होतं, वास्तुशांतीच्या कपड्यांत गाडीखाली लोळलो होतो, पोलिसांना घरात बसवून चहा पाजला होता. तो माणूस माझ्या दारात उभा राहून, माझ्या डोळ्यांत बघून मला बोलावत होता.

“छे छे,” मी म्हणालो. “माझ्यासाठी कशाला? तुमचा चौथा माणूस आहे ना. तुम्ही जा.”

आमच्याकडे यानंतर समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायचं असतं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी म्हणणार होतो, बरं, इतकं म्हणताय तर येतो.

त्याने खांदे उडवले. “ठीक,” तो म्हणाला. “तुझी मर्जी.” किल्ली माझ्या हातावर ठेवून तो निघून गेला. बायको माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तिचं वर्णन मी इथे करत नाही.

मी त्याच्यावर बरेच दिवस चिडून होतो. या लोकांना माणसाचं मन कळत नाही, वगैरे. मंडळात दोन-तीन जणांना सांगून पाहिलं, त्यांनी जोरात माना हलवल्या. एकाने तर यावर व्याख्यानच ठेवू म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या माणसाने प्रत्येक वेळी माझा शब्दन् शब्द खरा मानला. इतका विश्वास माझ्या बोलण्यावर माझ्या घरातही कुणी ठेवत नाही. ‘घेऊन जा’ म्हणालो, त्याने नेली. ‘तुम्ही जा’ म्हणालो, तो गेला. गंजलेलं लोखंड ओळखायला मी शिकलो होतो, वरच्या रंगाला फसायचं नाही हे मला पाठ होतं. स्वतःच्या बोलण्याला किल्लीने टोचून पाहावं, हे मात्र कधी सुचलं नाही.

तो आता पुन्हा फ्रिज दुरुस्त करायला येतो. “कसा आहेस?” म्हणतो. मी “बरा” म्हणतो. तो गाडीचं विचारतो, तिचा हीटर बंद होतो की अजून नाही. त्याने गाडी पुन्हा मागितलेली नाही, मला बोलावलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

गाडी आतापर्यंत तीनदा डोंगरात जाऊन आली आहे. गेल्या शनिवारी मी तिच्यातून कोथिंबीर आणायला गेलो होतो. दुकानाच्या दारापर्यंत रस्ता डांबरी आहे.