चारपेडी वेणी

लीलाची आई आश्विनात गेली, तापाने. अंथरुणाला खिळायच्या दिवशी सकाळीसुद्धा तिने लेकीला पुढ्यात बसवून वेणी घातली होती. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, पण आठ वर्षांच्या लीलाने त्या वेणीला कुणाचा हात लागू दिला नाही.

तिचा बाप गिरधर कपाशीच्या वेचणीत अडकलेला. फोपनारहून बैलगाडीत घालून त्याने तिला बुऱ्हाणपूरला, आपल्या बहिणीकडे आणून सोडलं. राज्यांची नवी मांडणी नुकतीच झालेली. कोणतं गाव कुठे गेलं, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. लीलाला एवढंच कळत होतं, की आपलं गाव सुटलं.

मालूआत्या विधवा, एकटी. मागावर विणणाऱ्यांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. पोरीच्या केसांचा पार गुंता झाला, उवा पडल्या. शेजारची धुरपदाबाई म्हणाली, "कात्री लाव वं मालू. ब्याद जाईल एकदाची."

लीला डोकं दोन्ही हातांनी धरून कोनाड्याखाली जाऊन बसली.

"नाही लावायची," मालूआत्या म्हणाली. "तिला वाटेल तेव्हा ती सोडेल."

एके दुपारी न्हाऊन आत्या ओसरीवर केस वाळवत बसली होती. "लीले, सूत भरून भरून हात भरून आले बघ. माझी वेणी घालतेस?"

 लीला हळूच येऊन आत्याच्या मागे बसली. बोटं आपसूक चालू लागली.

आत्याने चाचपून पाहिलं. "ही कुठली गं? तीन पेडांची नाही वाटत."

"चार पेडांची. चौथा खालून काढायचा, नाहीतर सुटते." इथे आल्यापासून ती एवढं पहिल्यांदाच बोलली होती. "आई माझी घालायची. तिची मी घालायचे."

बोलता बोलता ती थांबली. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "आत्या, मला येते ही," म्हणाली, आणि आत्याच्या पाठीवर डोकं टेकून रडली. आई गेल्यावर रडली नव्हती तेवढी.

आत्याने रडू दिलं. मग म्हणाली, "मला शिकव. तुझी कोण घालणार?"

तेल लावून, बोटांनी एकेक बट मोकळी करत दोघींनी ती जुनी वेणी सोडवली. दिवेलागण झाली. नवी वेणी आत्याने घातली.

"वाकडी झाली, आत्या."

"होऊ दे. उद्या सरळ होईल."

लीला हसली.

पुढच्याच आठवड्यात आत्याने तिचं नाव शाळेत घातलं. संक्रांतीला गिरधर केळ्यांचा घड घेऊन आला. "चल बेटा घरी. वेचणी आटोपली."

लीलाने आत्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "परीक्षा झाली की येते, बाबा. तोवर तुम्हीच येत जा ना बाजाराच्या दिवशी."

 गिरधरने पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं आणि बहिणीला म्हणाला, "मालू, चहा टाक. जरा बसतो मी."