पाहुण्याचं पाणी

पाण्याला चव नसते असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांनी आमच्या पाणी खात्यात एक उन्हाळा काढावा. धरणाचं पाणी वेगळं लागतं, बोअरचं वेगळं, आणि औषध जास्त पडलेलं पाणी तर नाकालाच आधी कळतं. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर मी चहासुद्धा आधी हुंगते. घरचे हसतात, हसू देत.

माणूस शुद्धीकरण केंद्र बघायला आला, की मोठाल्या टाक्या बघून खूश होऊन जातो. मला त्या टाक्यांचं फारसं कौतुक नाही. तिथून पाणी चांगलंच निघतं. खरी परीक्षा वस्तीतल्या शेवटच्या नळाला. क्लोरीन, ज्याला लोक नुसतं औषध म्हणतात, ते तिथपर्यंत शिल्लक राहिलं पाहिजे. वाटेत पाईप फुटून गटाराचं पाणी शिरलं तर त्याच्याशी झुंजायला तेवढंच असतं. नळाच्या पाण्यात आमच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर औषध आहे. जंतूंसाठी वेगळी बाटली भरून प्रयोगशाळेत आणायची.

नदीकडच्या जुन्या वस्तीत त्या वर्षी कावीळ निघाली. एका गल्लीत तर घराआड एक पेशंट. त्या गल्लीतला शेवटचा नळ एका मुसलमान कुटुंबाच्या घरात, शिलाईकाम करणारी माणसं. त्यांची दुसरीतली नात अंथरुणाला खिळलेली. मधे जरा बरी झाली आणि पुन्हा पडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पोटात पुन्हा खराब पाणी जाता कामा नये, पोरीला झेपणार नाही.

आणि त्याच नळाच्या बाटल्या आमच्याकडे स्वच्छ येत होत्या. जंतूंचा मागमूस नाही. साहेब म्हणाले, पाणी चांगलंय, पोरं बाहेर काहीबाही खात असतील. मला एक गोष्ट खटकत होती. त्या पाण्यात जंतू नव्हते, तसं औषधही नव्हतं. शेवटच्या नळाला औषध संपतं, त्यात नवल नाही. पण औषध नाही आणि घाणही नाही, असलं सोवळं पाणी त्या गल्लीत येणार कुठून?

नमुने आणायचे ते आमचे सहकारी, मुदखेडहून रोज रेल्वेनं येणारे, भला माणूस. त्यांना विचारलं, नळ तुम्ही स्वतः उघडता ना? ते म्हणाले, "म्याडम, घरात बायामाणसं. मी दारातच थांबतो. बाटली आत देतो, भरून येते." मला राग पटकन येतो, तो आला. पुढच्या पाण्याच्या दिवशी मीच गेले.

घरात आजी, सून आणि खाटेवर ती मुलगी. डोळे हळदीसारखे. घरात ते दखनीत बोलत, पण माझ्यासमोर आपसातही मराठीच. मला परकं वाटू नये म्हणून. मी बसले न बसले तोच आजींनी सुरईतून काचेच्या ग्लासात पाणी दिलं. एक घोट घेतला आणि कळलं. उकळलेलं पाणी. उकळल्यावर पाणी कसं सपक लागतं, तसं.

"खाला, हे नळाचं नाही ना?"

"न्हाई बेटा. नळाचं कसं देऊ? पाव्हण्याचं येगळं ठेवतो. उकळून, गाळून."

"आणि आमचे ते बाटली घेऊन येतात, त्यांना?"

"त्यांनाबी हेच. सरकारचा माणूस दारात पाणी मागून राहिला, त्याच्या बाटलीत काय नळाचं भरू? शोभतं का?"

"मग घरचे कोणतं पितात?"

"घरचे काय, नळाचंच पितो की. समद्यांना उकळायला गॅस कुठून आणू?"

मी उठले. मोरीतल्या नळाखाली परीक्षानळी धरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं नाही. गढूळ होतं ते गढूळच राहिलं, आणि वास येत होता. कुणावर चिडावं ते कळेना. दारात अदबीनं थांबणाऱ्यावर, की अदबीनं चांगलं पाणी भरून देणारीवर? मला रडूच आलं.

त्याच आठवड्यात गल्ली खणली. घराकडे येणारा पाईप गटारातूनच गेलेला आणि गंजून चाळणी झालेला निघाला. तो बदलला, मग नळाच्या पाण्यानं औषधाचा पिवळा रंग धरला. पण ते नंतर. त्या दिवशी आधी आजींना सांगणं भाग होतं, आणि जमेल तितक्या हळू आवाजात मी सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस तुम्ही माझी सुरई तपासली."

"हो, खाला."

त्या उठल्या. सुरई उचलून खाटेजवळ ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "आजपासून ह्या घरात पाव्हणी ही. पयलं पाणी हिचं."

पोरगी आजीकडे बघत होती. बारीक आवाजात म्हणाली, "पाव्हणी झाले तर मला जावं लागंल का?"

आजींनी सुरईतून ग्लास भरला. सून तोंड फिरवून शेगडीकडे गेली.

"न्हाई," आजी म्हणाल्या. "तू ऱ्हायची. पी."

तिनं ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.