लॉरीखालचं पाणी

गुणाजी ड्रायव्हर चहाला थांबला की आधी चहा घेत नसे. तो लॉरीच्या मागच्या बाजूला जायचा, गुडघ्यांवर बसायचा आणि बुडाला पाडलेल्या भोकाखाली ओंजळ धरायचा. आत मासळीवर भरलेला बर्फ वितळून त्या भोकातून पाणी गळत असे. ते तो बोटांनी चोळून बघायचा, मग नाकाशी न्यायचा. हॉटेलातली माणसं तोंड फिरवायची. बांगड्यांचं पाणी हुंगणाऱ्या माणसाशेजारी बसून भजी कोण खाईल? गुणाजीला त्याचं काही नव्हतं. हात धुऊन येऊन म्हणायचा, "पाणी खोटां बोलना नाय. धनी बोलतलो, दलाल बोलतलो, वेळ इली तर मी सुद्धा बोलतलंय. पाणी नाय."

पुढे वेळ आली आणि तो खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला. तेच सांगायला बसलो आहे, आणि त्यात माझी मान वर राहील असं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

साठ-बासष्टचा सुमार असेल. मालवणात बर्फाचा कारखाना नुकता चालू झाला होता. मासळी खारवून सुकत घालण्यापेक्षा बर्फात घालून ताजीच कोल्हापूरला पाठवायची, हे वारं तेव्हा बंदरावर शिरलं होतं. दोन पेढ्यांच्या लॉऱ्या जात. एक भाऊशेटची, दुसरी पास्कूशेटची. मी भाऊशेटच्या शेडमध्ये बर्फ फोडून मासळीवर भरायच्या कामाला होतो. वय तेवीस, लग्न झालेलं, आणि खिशात लॉरी चालवायचं कोरं करकरीत लायसन. ते लायसन मी दिवसातून चारदा काढून बघायचो. कोणाची लॉरी मिळेल, एवढा एकच विचार तेव्हा डोक्यात होता.

गुणाजी भाऊशेटकडचा जुना ड्रायव्हर. पन्नाशीचा, काटकुळा. खिडकीबाहेर ठेवून ठेवून उजवा हात डाव्यापेक्षा दुप्पट काळा झालेला. मला लॉरी शिकवली ती त्यानं. फोंडा घाटात मी घाईघाईनं गियर टाकायला लागलो की माझ्या मनगटावर चापट बसायची. "चढावावयली गाडी आणि बाळंतीण, दोगांकय घाई करुची नाय, मेल्या." शिकवल्याचं त्यानं कधी काही घेतलं नाही. एकदा मी पानतंबाखू नेऊन दिली तर म्हणाला, "ह्यां तुझ्या बापाशीक दी. तुका जल्माक घालून तो दमलो आसतलो."

लायसन मिळाल्यावर मी त्याला विचारलं की काका, मी कोणाकडे राहू? बोटी यायच्या होत्या. आम्ही शेडच्या सावलीत बसलो होतो. गुणाजी आवाज खाली आणून म्हणाला, "धन्याच्या घराक बघू नको, गाडयेच्या रंगाक बघू नको. तीन गोष्टी बघ. बर्फ भरताना ड्रायव्हराक बाजूक उभो रवाक देतत काय? दुसरां, गाडी निघाल्यार पाणी कसां गळता? पयल्या धा मैलांत जी रडता, ती घाटात सुकता. आणि तिसरां म्हणजे, जागा रिकामी कित्याक झाली, ता इचार. आदलो ड्रायव्हर खंय गेलो, कित्याक गेलो. ह्यां इचारल्याशिवाय चावयेक हात लावायचो नाय."

"म्हणजे पास्कूशेटकडे जाऊ?"

"तेचे ड्रायव्हर बघ. एक म्हातारो झालो म्हणान घराक बसलो, म्हणान जागा झाली. दुसरां कारण नाय."

मी पास्कूशेटकडे जाऊन आलो. त्याची लॉरी बघून माझं मन खट्टू झालं. लाकडाच्या फळ्या, वर ठिगळाची ताडपत्री, आत भुसा, आणि वास असा की लांबून मांजरं यायची. पास्कूशेट माणूस तिरसट. म्हणाला, "बर्फ तुझ्या डोळ्यांसमोर भरतलंय. मोजून घी. मगे मासळी कुजली तर तुझो कान धरतलंय. कबूल आसा तर उद्या ये." याच्यासारखा सरळ व्यवहार त्या बंदरावर दुसरा नव्हता. पण मला भाऊशेटची नवी लॉरी दिसत होती. पांढरीफेक पेटी, दुहेरी भिंत, आतून पत्रा मारलेला, दारावर निळ्या अक्षरांत नाव. कट्टा गावच्या बाजारातून ती गेली की पोरं मागे धावत. तिच्यासाठी गुणाजीनं नऊ वर्षं भाऊशेटची सुक्या मासळीची खटारा गाडी ओढली होती, तेव्हा कुठे ती त्याच्या हाती आली होती. पास्कूशेटला मी "बघतो" म्हणून सांगितलं.

गुणाजीला मी एकदा विचारलं होतं, "तुम्ही का नाही जात पास्कूशेटकडे?" भाऊशेट बर्फ भरायच्या वेळेला त्याला नेमका घरी जेवायला पाठवतो, हे मला ठाऊक होतं. गुणाजी हसला. "माका इचारूक कोणी शिकवूक नाय रे. आता म्हाताऱ्या बैलाक बाजार नाय. तू तरी इचार."

त्या वर्षी ऑक्टोबरची काहिली चालू असताना कारखान्याचं यंत्र बिघडलं. दोन दिवस बर्फ नाही. शेडमध्ये चारच लाद्या उरल्या होत्या, पण हे भाऊशेटला आणि मला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. लॉरीला बारा लागत. आणि त्याच दिवशी सुरमईचा ढीग लागला. थांबलो तर शिल्लक बर्फाच्या जोरावर माल पास्कूशेट उचलणार, या भीतीनं भाऊशेटचा जीव खालीवर होत होता. त्यानं गुणाजीला जेवायला घरी धाडलं आणि मला बाजूला घेतलं. "वसंता, बारीक फोड. वरून पसर आणि दाराकडे जास्त लाव, म्हणजे दार उघडल्यावर भरलेलं दिसेल." माझ्याशी तो एकदम शुद्ध बोलायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुढे म्हणाला, "दिवाळीनंतर एक लॉरी तुझ्या हातात देणार आहे. माणूस आपला आहे की नाही, ते तेवढं बघायचंय."

मी फोडला. माझ्याच हातांनी चार लाद्यांचा चुरा करून बाराचा देखावा उभा केला.

गुणाजी जेवून आला तेव्हा दाराला कुलूप लागलं होतं. सवयीनं तो लॉरीमागे गेला आणि ओंजळ धरली. पाणी थेंबाथेंबानं गळत नव्हतं, धार लागली होती. तो उठून माझ्याकडे आला. "किती लाद्यो घातलंस?"

भाऊशेट शेडच्या दारात उभा होता. मी म्हटलं, "बारा."

"मगे इतक्या लवकर धार?"

"ऊन आसा, काका."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, ओले हात पंच्याला पुसले आणि चढून बसला. सगळ्या आयुष्यात त्यानं एकदाच पाण्याला खोटं मानलं आणि माणसाला खरं. तो माणूस मी निघालो.

सुरमई राधानगरीच्या अलीकडेच गेली. कोल्हापुरात दलालानं दार उघडलं आणि नाक दाबून बंद केलं. सगळा माल खड्ड्यात गेला. तिसऱ्या दिवशी दलाल मालवणात येऊन शेडसमोर उभा राहिला. मासे विकणाऱ्या बायका, खलाशी, कारखान्याची माणसं, सगळे गोळा झाले. भाऊशेट सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्याची लेक फोंड्याला दिली आहे. हा तिच्याकडे जेवत बसला आणि लॉरी उन्हात ठेवली. दुसरं काय?"

गुणाजी शांत होता. "मी कसालच्या नाक्यार चायेक थांबलंय. धा मिंटां. चेडवाचा घर बघूक सुद्धा नाय. गाडयेत बर्फच नव्हतो. वसंतान भरल्यान, तेका इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गुणाजीनंही बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती. मी खरं सांगणार, हे तो धरूनच चालला होता.

"बारा लाद्या भरल्या," मी म्हटलं.

गुणाजीनं पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "बरां. देवळात चला. देवीसमोर नारळ ठेवया. मी हात ठेवतंय, वसंता पण ठेवीत."

आमच्याकडे प्रमाण करायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यालाच कळेल. कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलणारे पुष्कळ मिळतील. पण गावच्या देवीसमोर नारळावर हात ठेवून खोटं बोललेलं घराला बाधतं, पोराबाळांवर फिरतं, असं आम्ही दुधाबरोबर प्यालेलो असतो. माझ्या बायकोला सातवा महिना होता. भाऊशेट आनंदानं "चला" म्हणाला. त्याला काय, हात माझा जाणार होता. सगळी माणसं देवळाकडे निघाली. मी त्यांच्यात चालत होतो. खरं बोललो तर लॉरी गेली, कामही गेलं; खोटं बोललो तर पोटातलं मूल. ज्याच्यावर आळ आला तो माणूस माझ्यापासून दोन हातांवर चालत होता, आणि त्याचा विचार माझ्या मनात तिसरा आला. शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

देवळाच्या पायरीपाशी गुणाजी थांबला. वळून माझं तोंड बघितलं. मग माझे हात बघितले. ते मी पाठीमागे नेले.

"ऱ्हवांदे," तो मोठ्यानं म्हणाला. "झिलाक देवळात ओढू नकात. घरात बायल गरवार आसा तेची. मीच थांबललंय. चेडवाकडे जेवलंय, गाडी दोन तास उन्हात होती."

एवढं बोलून त्यानं कोणाकडे बघितलं नाही. बायका पचापच थुंकल्या. दलाल म्हणाला, "बघा!" भाऊशेटनं तिथल्या तिथे सांगितलं, चावी वसंताला दे.

गुणाजीनं कमरेची चावी काढली, पण लगेच दिली नाही. मुठीत धरून माझ्याजवळ आला आणि मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इचार."

मी त्याच्या मुठीकडे बघत राहिलो.

"इचार मरे. जागा रिकामी कित्याक झाली? आदलो ड्रायव्हर खंय गेलो?"

त्यानं वाट बघितली. मग चावी माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं त्याच्यावर मिटवली आणि म्हणाला, "पाणी हुंगीत जा."

मी पांढरी लॉरी चालवली. पोरं मागे धावली. दिवाळीची वाटही बघावी लागली नाही. मुलगी झाली, सुखरूप झाली. बाराव्या दिवशी गुणाजीच्या बायकोच्या हाती दोन शहाळी आली. "ह्यांनी धाडल्यानी," काकी म्हणाली. माझ्या बायकोनं ती प्यायली. मला तिथे उभं राहवेना.

गुणाजी पास्कूशेटकडे काम मागायला गेला होता. पास्कूशेटनं दारातूनच सांगितलं, "मासळी उन्हात ठेवून जेवूक बसणारो ड्रायव्हर माका नको." पास्कूशेटचं काही चुकलं नाही. गुणाजीनं भर गर्दीत स्वतःच कबूल केलं होतं. त्यानंतर त्याच्या हाताला स्टिअरिंग लागलं नाही. तो किनाऱ्याला दांड्यावर, वाळूत बसून लोकांची जाळी शिवायचा. जाता-येता कोणीही टवाळी करायचं, "गुणाजी, चेडवाकडे कोंब्याची सागोती होती मा?" तो म्हणायचा, "होती तर. वडे पण होते." त्या वाटेनं जाणं मी सोडलं. मालवण केवढंसं, तरी माणूस एखाद्या माणसाला सहा वर्षं चुकवू शकतो.

एकदाच चुकवता आलं नाही. मी लॉरी घेऊन निघालो होतो आणि तो रस्ता ओलांडत होता. मला थांबावं लागलं. तो पुढून न जाता मागे गेला. आरशात मला दिसलं, तो वाकला आणि भोकाखाली हात धरला. मग माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाला, "आज बरो भरल्यानी हा. जा." मी गियर टाकला आणि निघालो.

सातव्या वर्षी गुणाजी गेला. सकाळी जाळं शिवता शिवता कलंडला. त्याचा मुलगा मुंबईला, तार केली, तो दुसऱ्या दिवसाशिवाय पोचत नव्हता. दिवस वैशाखाचे. काकीनं निरोप धाडला, वसंताला सांगा, थोडा बर्फ मिळतो का बघ.

मी कारखान्यावर गेलो आणि बारा लाद्या घेतल्या. कारखानदार म्हणाला, इतक्या कशाला? मी म्हटलं, बाराच लागतात. गुणाजीच्या पडवीत बसून मी त्या फोडल्या. खाली भुसा, त्यावर बर्फ, त्यावर कापड. बाजल्यावर गुणाजी, आणि मग चहूबाजूंनी मी बर्फ लावत गेलो, मानेखाली, काखेत, पायांशी. लोक म्हणत होते, वसंताचे हात बघा कसे चालतात. उजवा हात अजून डाव्यापेक्षा काळाच होता. तो बर्फाखाली झाकताना मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही.

काकी भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, "तू भरलंस म्हणजे कमी पडाचो नाय. हे सांगायचे, वसंताच्या हातचो बर्फ कधी कमी पडाक नाय. ह्यांकाच त्या दिसा भूक आवराक नाय. पोटापायी नाव घालवल्यानी."

म्हणजे त्यानं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि लेकीचंही तोंड बंद केलं असणार. सात वर्षं ती माऊली आपल्या नवऱ्याला खादाड समजत राहिली, लोकांची थट्टा ऐकून खाली मान घालत राहिली. सांगायची वेळ तीच होती. लोक पांगले होते, पडवीत आता आम्ही तिघंच होतो, आणि त्यातला एक आता काही बोलणार नव्हता.

बाजल्याखालून पाणी गळायला लागलं. एकेक थेंब, सावकाश. मी गुडघ्यांवर बसलो आणि खाली ओंजळ धरली. पाणी गार होतं, स्वच्छ होतं.

"काय बघतंस रे?" काकीनं विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं.