लाल ठिपका

आमच्यासारख्या शाळांना एक संस्था कॉम्प्युटर, लॅपटॉप देते. त्यांची देखभाल करणारा गडी आळेफाट्याहून मोटारसायकलवर येतो. घराणं मेंढपाळाचं, त्यामुळे मेंढरांवर करतात तसा प्रत्येक यंत्रावर त्यानं लाल रंगाचा ठिपका केलाय. आल्या आल्या तो आधी कळप मोजतो. मी तासभर खटपट केलेला कॉम्प्युटर त्याच्या एका थापेनं सुरू होतो, याचा मला फार राग येतो.

परवा मोजणीत कमी भरलं. पोरं म्हणाली, "एक हेडसरांच्या केबिनमधी हाय."

हेडसर त्यावर पत्ते खेळत होते.

"सर, पोरांचं हाय ह्ये. कोंडून नका ठेवू."

"डाव तरी संपू द्या की राव!"

त्यानं वायर उपसली, सीपीयू कोकरासारखा खांद्यावर घेतला, मॉनिटर हेडसरांच्याच हातात दिला आणि वरात वर्गात आणली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच जोरात वाजवल्या.

त्यानं पुन्हा कळप मोजला. "आजून एक कमी हाय, गुरुजी."

माझ्या टाळ्या थांबल्या. तो लॅपटॉप आमच्या घरी होता, आणि त्यावरचा लाल ठिपका मी आदल्याच दिवशी थिनरनं पुसला होता.