साहेबांसाठी झाडलेली वाट

किस्से साठायला फार माणसं लागत नाहीत. साहेब शिकारीला येणार, एवढी बातमी जंगलखात्याला पुरते.

लग्न होऊन मी धुळ्याहून यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आले, त्याच हिवाळ्यात ही बातमी आली. मी मुळात बोलते कमी. अशा बाईसमोर लोक अगदी मोकळेपणी बोलतात, जणू ओसरीत खांबच उभा आहे!

आमचे हे राउंड ऑफिसर, पण तात्पुरते. रेंजर नानासाहेबांनी आमच्याच ओसरीत बसून सांगितलं, "शिकारीची वाट साहेबांना पसंत पडली, तर तुम्ही कायम. नाही पडली, तर..."

पुढचं राहिलं. मी भजी आणली होती.

*

साहेबांचं पत्र आलं: दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी वाट हवी. आता दोन माणसं म्हणजे किती फूट? नानासाहेब, हे आणि गार्ड, तिघांचा अर्धा दिवस त्यातच गेला.

वाटेचा मुकादम दित्याबाबा पावरा. म्हातारा, काटक, आमच्याशी अहिराणीत बोलायचा. त्यानं नानासाहेबांना एकदा डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतलं आणि माणसांना सांगितलं, "एक नानासाहेब मावी, इतली रुंद करा. दोन साहेब आपेआप जातीन!"

*

नानासाहेब स्वतः जंगलात शिरत नसत. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून, साहेब उतरणार त्या बंगल्यापासून जनावरांच्या पाण्यापर्यंत सरळ रेघ मारली. दित्याबाबा म्हणाला, मधे कडा आहे, जनावरंसुद्धा वळसा घेतात.

"कडा नकाशात नाही!" नानासाहेब गरजले.

"मंग शिकार बी नकाशामाच करा, नानासाहेब."

वाट वळशानंच गेली. नानासाहेबांनी वर कळवलं, की वळण आपल्याला सुचलं.

*

तोडणीला पाड्यावरची माणसं वेठीला धरली होती. एरवी एक फांदी तोडली तर ज्यांना चौकीवर बसवतात, तीच माणसं. तोडलेल्या फांद्यांची मोळी दित्याबाबाची बायको घरी न्यायला लागली, तर गार्डानं अडवली.

"अहो, तुम्हीच तोडायला लावल्या ना?" ती म्हणाली.

"तोडायचा हुकूम आहे. उचलायचा नाही!"

फांद्या कडेला पडून राहिल्या. आठ दिवसांनी वारा सुटला आणि सगळ्या पुन्हा वाटेवर आल्या. मग उचलायचा हुकूम निघाला. माणसांनी विचारलं, "टाकायच्या कुठं?"

गार्ड म्हणाला, "कुठंही टाका. फक्त घरी नेऊ नका!"

*

घरी जेवतानाही ह्यांच्या तोंडी वाटच. एकदा मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "आपल्या दारात गुडघाभर गवत झालंय. तिकडून साहेब जाणार नाहीत म्हणून असेल."

हे हसले नाहीत. पण सकाळी पाहते तर स्वतः विळा घेऊन बसलेले. आणि कापलं किती? बरोब्बर दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील इतकंच!

*

अखेर साहेब आले. सागाचा वाळका पाला बुटाखाली कडकड वाजतो आणि जनावर उठून जातं. म्हणून पहाटेच दित्याबाबाच्या माणसांनी बंगल्यापासून पाण्यापर्यंतची वाट झाडून काढली. वर नुसती मऊ धूळ राहिली. साहेब म्हणाले, बरोबर कोणी नको, वाघाला चाहूल लागते. एकटेच गेले.

दोन तासांनी गाडीरस्त्यानं परत आले ते लालबुंद होऊन. "एकही वाघ नाही! हे कसलं जंगल?"

नानासाहेबांनी लगेच ह्यांच्याकडे बोट केलं. "वाट ह्यांनी केलीय, साहेब!"

मी बंगल्याच्या मागल्या दारात चहाची किटली घेऊन उभी. ह्यांचा चेहरा असा झाला, की तात्पुरती नोकरीसुद्धा गेलीच म्हणायची.

दित्याबाबा मात्र वाटेच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. त्यानं साहेबांना हात केला. धुळीत साहेबांच्या बुटांचे ठसे उमटलेले. आणि प्रत्येक ठशावर वाघाचा पंजा.

सगळे मागोमाग पाण्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर ह्यांनी सांगितलं, की एका वळणावर साहेब थांबले होते तिथं दित्याबाबानं बोट ठेवलं, "आठे साहेब थांबना. चिलीम पेटाडी." मग चार हात मागे सरकला. "आठे वाघ बठना. वाट पाही."

साहेबांनी खाली पाहिलं. मग हळूच मागे वळून पाहिलं.

दित्याबाबा समजूत घालावी तसा म्हणाला, "वाघले बी पाला टोचस, साहेब. झाडेल वाट त्याले बी आवडस."

दुपारीच साहेबांनी सामान बांधलं. जाताना बंगल्याच्या पुस्तकात शेरा लिहिला. नानासाहेबांनी तो वाचला, पुस्तक मिटलं आणि ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "कायम झालात म्हणून समजा!"

ते गेल्यावर मी ह्यांना पुस्तक उघडायला लावलं. इंग्रजीत दोनच वाक्यं होती. ह्यांनी मराठीत करून सांगितली:

"वाट उत्तम. वर्दळ फार."