पांढऱ्या घोड्याचा तिसरा भाग

माझा भाऊ केरिमकुल जन्मभर आमच्या टोकमोक गावच्या नाटक मंडळीत होता, आणि जन्मभर भाला धरून मागेच उभा होता. त्याला हाव एकच, मरायच्या आधी एकदा तरी फक्त आपल्यासाठी टाळ्या वाजाव्यात. आवाज खणखणीत, पण तोंड बटाट्यासारखं. त्याला कोण वीर करणार, कपाळ!

मग राजधानीतल्या, बिश्केकच्या पोरांनी कॉम्प्युटरवर खेळायचा ‘पांढरा घोडा’ नावाचा खेळ काढला आणि त्यातल्या वीराला दादाचा आवाज घेतला. खेळ कसला, नुसती फजिती! घोडा तंबूच्या भिंतीत अडकायचा, पाय हवेत, आणि वर बसलेला वीर दादाच्या आवाजात गर्जायचा, “माझा घोडा अजून दमलेला नाही!” पुन्हा पुन्हा तेच. दुसऱ्या भागात घोडा सुटला, तर वीराचंच डोकं जमिनीत रुतलं. गर्जना चालूच. सगळा देश पोट धरून हसला. दादा बाजारात कांदे घ्यायला गेला की पोरं ओरडायची, “काय आजोबा, दमला का घोडा?” बुरुलवहिनीने तर त्याच्याबरोबर बाहेर पडणंच सोडलं.

तिसऱ्या भागाच्या वेळी मालक बदलला. हा एल्दियार, तरणाताठा आणि पक्का गोडबोल्या. स्वतः घरी आला.

“काका, तुमच्याशिवाय खेळ होणारच नाही. पहिलं दृश्यच तुमचं!”

आनंदाची बातमी आणणाऱ्याला आमच्यात रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. दादाने अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढून दिला. एवढा एकच धड कोट होता त्याच्याकडे. आणि त्या मेल्याने तो घेतलासुद्धा!

आवाज भरायला बोलावलं तर एक वाक्य आणि एक किंकाळी, बस्स.

“किंकाळी कशाला रे?” मी विचारलं.

“लढाई आहे, ओरडायला नको?” दादा म्हणाला. घरी इतका ओरडून सराव केला की शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

खेळ बाहेर यायच्या आदल्या दिवशी त्याने मेंढी कापली, सगळ्या भाऊबंदांना जेवू घातलं.

“अरे, आधी बघून तरी ये, मग वऱ्हाड ने,” मी म्हटलं.

“तुझी जीभ कधी तरी सरळ चालते का?” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीत कोंबून बिश्केकला नेलं. तिथे सभागृहात मोठ्या पडद्यावर खेळ पहिल्यांदा दाखवणार होते.

खोटं कशाला बोलू, खेळ या वेळी देखणा झाला होता. घोडा एका नव्या, तरुण वीराला घेऊन असा दौडत आला की अंगावर काटा आला. मग जुना वीर दिसला, तसाच ओबडधोबड, पाय भिंतीत. दादाचा आवाज घुमला, “माझा घोडा अजून...” तेवढ्यात नव्या वीराने एका घावात त्याचं मुंडकं उडवलं. दादाची किंकाळी. आणि सगळं सभागृह उठून नाचायलाच लागलं. टाळ्या, शिट्ट्या, “सुटलो बाबा, मेला एकदाचा!”

दादा उभा राहिला. छातीवर हात ठेवून डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला. मागच्या पोरांनी त्याला ओळखलं आणि आणखीच खिदळली. एल्दियारही व्यासपीठावरून हसत टाळ्या पिटत होता. आमच्या म्हाताऱ्या भाऊबंदांना काडीचं कळलं नव्हतं, तेही वाजवायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वहिनीने त्याची बाही ओढली. “अहो, बसा खाली! अब्रूचं खोबरं झालं तेवढं पुरे. तुम्ही मेलात म्हणून वाजवतायत ते.”

“कळतंय गं मला.”

“मग उभे कशाला?”

“वाजतायत तोवर राहू दे,” दादा म्हणाला, आणि पुन्हा वाकला.